पगडीची भरपाई

माझा नातू इंदूरला हिंदी शाळेत शिकतो. परवा घरासमोर कुणाला तरी फटफटीने पाडले, तर तो मला म्हणाला, "आजी, उसको मुआवजा मिलेगा." मी म्हटले, मिळेल हो भरपाई, का नाही मिळणार? आम्हालाही मिळाली होती. काय मिळाले ते मात्र त्याला सांगितले नाही. इथे लिहिते.

तेव्हा आमच्या देवासात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. भावाभावांनी शेत वाटावे तसे गाव वाटलेले. आमचे घर रस्त्याच्या अलीकडे, धाकट्या पातीत. ह्यांचे दुकान पलीकडे, थोरल्या पातीत. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचे नाव मी तेव्हाही घेतले नाही, आता काय घ्यायचे! रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन दुसऱ्या राज्यात जायचे आणि दिवे लागायला परत यायचे.

हे पगडबंद होते. लांबच लांब कापडाला पीळ द्यायचा, तो लाकडी ठोकळ्यावर फिरवायचा आणि एकेक पेच चिमटीत धरून बसवायचा. सगळी करामत उजव्या हाताच्या त्या चिमटीत. ह्यांचे पूर्वज मराठ्यांच्या सरदारांबरोबर माळव्यात आले, तेव्हापासून घरात हाच धंदा. धंद्याबरोबर एक खूळही आले होते. पगडी जमिनीला लागली म्हणजे धन्याची अब्रू जमिनीला लागली, असे हे म्हणायचे. माझ्या हातून एकदा नुसती सरकली, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दसरा दीड-दोन महिन्यांवर आला होता. पलीकडच्या एका सरदारांच्या जावयासाठी केशरी पगडी सांगितलेली होती. ह्यांनी ती पुरी केली आणि दाखवायला म्हणून आधी घरी आणली. मी म्हटले, बेस झाली. तेवढ्यावर खूश होऊन हे पगडी घेऊन निघाले. मी दारातच उभी होते, म्हणून सगळे डोळ्यांनी पाहिले.

तेच जावईबापू मुंबईहून फटफटी घेऊन आले होते. गावात तसले यंत्र दुसरे नव्हते. मागे वळून सोबत्यांशी हसत, रस्त्याच्या उलट्या अंगाने ते सुसाट आले. ह्यांना धक्का बसला. आता माणूस पडताना काय करतो? दोन्ही हात टेकून सावरतो. ह्यांनी डावा हात वर केला, पगडीसकट. उजवा एकटाच खाली गेला आणि चाक त्याच्यावरून गेले.

"पगडी बच गी!" असे कुणी तरी ओरडले. खोटे सांगत नाही, लोक आधी पगडीकडे धावले. ती ह्यांच्या हातातून घेऊन झटकली आणि सरदारांच्या वाड्यावर पोचती केली. मग ह्यांना उचलले.

हाडवैद्य झाला, दवाखाना झाला. हात राहिला, पण अंगठा आणि दोन बोटे वळेनात. भाकरीचा तुकडा मोडता येईना, तिथे पेच कसला बसवणार? दुकानाला कुलूप लागले.

माझे माहेर धारचे. धाकटा भाऊ तिथे कचेरीत कारकून होता. निरोप मिळताच धावत आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "अक्का, रडत काय बसलीस? दाजींच्या हाताची नुकसानभरपाई मागू." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो आम्हाला एका वकिलाकडे घेऊन गेला. वकील भला माणूस होता. कमावता हात ज्याच्या चुकीने गेला, त्याने घर चालण्याची सोय करून द्यायला हवी, असा दावा थोरल्या पातीत लावता येईल, म्हणाला. साक्षीला कोण, तर समोरचा हलवाई. तो वाड्यावर मिठाई पोचवणारा. त्याने हात जोडले, "भिया, म्हने तो कई नी देख्यो." जिलबी तळताना त्याला गावची सगळी भांडणे दिसायची, एवढेच नेमके दिसले नाही.

"तरी अर्ज देऊ," वकील म्हणाला. "एक मात्र सांभाळा. त्या घरचे काही घेऊ नका. विडासुद्धा नको."

हे मान डोलावून आले. मला जीव भांड्यात पडल्यासारखे वाटले. वर्षभराचे दाणे तरी सुटतील, पोरींची लग्ने तरी होतील, असे मी मनात मांडे खात होते.

दसऱ्याला वाड्यावरून कारभारी आला. "दरसाल येता, यंदाही या, सोने द्यायला." भाऊ म्हणाला, "दाजी, जाऊ नका." हे म्हणाले, "पगडबंद दसऱ्याला गेला नाही, असे आमच्यात कधी झाले नाही." अंगरख्याचे बंद मीच बांधून दिले.

परत आले ते खांद्यावर शेला घेऊन. मागे वाड्यावरचा नोकर, त्याच्या हातात ताट, ताटात पगडी. भावाने कपाळावर हात मारला. भरल्या बैठकीत शेला-पागोटे घेऊन मुजरा केला की माणूस संतुष्ट झाला, त्याची तक्रार मिटली, ही तिथली रीत. ह्यांना ती माहीत नव्हती असे नाही. पिढ्यानपिढ्या असली पागोटी बांधण्यात गेल्या.

"का घेतलेत?" मी विचारले.

"भर बैठकीत दिलेली पगडी नाकारू? मी? पगडबंदाने?"

 एवढे म्हणून हे ताटाकडे बघत राहिले. मग मीही पाहिले. केशरी रंग, तेच पेच. बेस झाली असे मीच म्हटलेली ती पगडी. अपघातातून आलेली, अपशकुनाची, म्हणून जावईबापूंनी डोक्याला लावली नव्हती. पडून होती, ती आम्हाला दिली. ह्यांनी हात देऊन जी वाचवली, तीच हाताची भरपाई. तोंडाला पाने पुसणे म्हणतात ते हे. मला त्या ताटावर थुंकावेसे वाटले. अजूनही वाटते.

वकिलाने कागद परत केले. भाऊ धारला गेला तो रागावून, आणि त्याचा राग वाड्यावर नव्हता, ह्यांच्यावर होता. मी मात्र कुणाकुणावर रागावू? पलीकडच्या शेटाणीकडे दळण-कांडण धरले. बळी तो कान पिळी, हे मला जात्याने शिकवले.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा बोलावणे आले. शिरपाव मिळालेल्याने तो लेवून मुजऱ्याला यायचे, हीही रीतच. मी अंगरख्याचे बंद बांधले, पगडी डोक्यावर ठेवली आणि दारात उभी राहिले.

हे रस्त्याच्या मध्यावर पोचले आणि कोपऱ्यावरून फटफटीचा आवाज आला. हे जागीच थबकले. पळाले नाहीत, मागे सरले नाहीत. त्यांचा डावा हात, तोच एक धड उरलेला, वर गेला आणि पगडी घट्ट धरून राहिला.

"पडू द्या ती!" मी ओरडले. भर रस्त्यात, नवऱ्यावर. आयाबाया दारात आल्या.

फटफटी बाजूने निघून गेली. ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. ऐकू गेले होते, चेहऱ्यावर दिसत होते. मग पगडी सारखी केली आणि मुजरा करायला पलीकडे निघून गेले.