छपरावरच्या कुरडया

त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. नव्वदच्या आसपासचा मे महिना असेल. एकट्याने भटकायचं म्हणून उल्हासनगरच्या वर्कशॉपात बनवून घेतलेली चाकांवरची पत्र्याची खोली जीपमागे ओढत तो बेलवलीत आला आणि आमच्या चाळीसमोर थांबला. आत नुसती भट्टी, म्हणून दुपारी तो खोलीखालीच आडवा व्हायचा. एवढा तापलेला पत्रा बघून आईने त्याच्या छपरावर कुरडया घातल्या. मागोमाग शेजारणींचे पापड आले.

दुसऱ्या दिवशी त्याने जीप सुरू केली.

"अहो भाऊ, थांबा! ओल्या आहेत अजून!" आई ओरडली.

त्याने इंजिन बंद केलं. कावळे हाकलत म्हणाला, "वहिनी, शेजाऱ्यांना कंटाळूनच घराला चाकं लावली हो मी."

"बरं केलंत," आई म्हणाली. "आता जरा पुढे घ्या, इथे सावली आली."