घोड्याला लागलेला हात

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आज तुम्हाला का सांगतोय—ते मलाही नीट कळत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पर्मनंट. वैशाली असेंब्ली लाइनवर, कंत्राटी; मूळची लातूरकडची. पिंपळे गुरवहून आम्ही एकाच बसनं जायचो. बुद्धिबळ मी बरं खेळायचो, पण काळ्या सोंगट्या आल्या की बिचकायचो. तिनंच मला मोबाइलवर काळ्यांनी खेळायचा सिसिलियन बचाव शिकवला—त्यातला ड्रॅगन नावाचा प्रकार, सगळ्यात धारदार. "सर, ह्याच्यात माघार नसती," म्हणायची.

कंपनीच्या स्पर्धेत फायनलला समोर तीच आली. जिंकणारा कंपनीच्या बुद्धिबळ संघात जाणार; बरोबरी झाली तर दोघंही. आणि संघातल्या कंत्राटी लोकांना पर्मनंट करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या जागेची गरज काय होती? काहीच नाही. पण लाइनवरच्या बाईकडून, सगळ्या डिपार्टमेंटसमोर हरायचं—ते नको होतं. हो, एवढंच होतं.

मी तिचाच ड्रॅगन तिच्यावर खेळलो. डाव ऐन रंगात असताना मी घोडा धरला—आणि दिसलं, हा हलला की माझा वजीर जातो. हात मागे घेतला. नियम साधा आहे: हात लावलेली सोंगटी हलवायचीच. ती शांतपणे म्हणाली, "सर, घोड्याला हात लागलाय." पंच एचआरचे साहेब होते, त्या वेळी फोनमध्ये बघत होते. भोवती चार-पाच जण उभे होते. कुणी बोललं नाही. साहेबांनी मला विचारलं. फक्त मला.

"नाही," मी म्हणालो.

मग दुसरी खेळी केली, आणि जिंकलो. टाळ्या झाल्या. पुढे लाइनवर बोललं जाऊ लागलं, वैशाली वाद घालते—मी ऐकलं, गप्प राहिलो. नव्या कंत्राटात तिचं नाव आलं नाही. त्या डावामुळेच का? मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी ती गेटवर पास जमा करत होती. मला बघून म्हणाली, "घोडा हलवला असता तरी तुम्ही हरला नसता, सर. वजीर गेल्यावर हत्तीनं शह देत राहायचं. बरोबरी होती."

मला ते माहीत होतं. डाव झाला त्याच रात्री घरी पट मांडून मी पाहिलं होतं.

"मी हात लावलाच नव्हता," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि पास खिडकीतून आत सरकवला.