चारूचा रकाना

आईचं हृदय किती रक्त फेकतं, हे डॉक्टरांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. निरोगी हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. आत भरलेल्यापैकी निम्म्याहून थोडं जास्त प्रत्येक ठोक्याला बाहेर जातं. शंभर टक्के कुणाचंच जात नाही. आईचं पंचवीस टक्के जात होतं. त्यामुळे पाणी अंगात साचतं, पाय सुजतात, दम लागतो. उपाय: गोळ्या, मीठ कमी, दिवसाला एक लिटर पाणी, रोज सकाळी वजन.

हे माझ्या हातचं काम होतं. नल्लकुंट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर तक्ता लागला. रकाने सहा: वजन, गोळ्या, पाणी, चहा, दूध, जेवण. लिटरच्या बाटलीवर पट्ट्या चिकटवून मी वेळा लिहिल्या.

आईला कळावं म्हणून वाटीत चार चमचे पाणी घेतलं. "ही वाटी म्हणजे तुझं हृदय." एक चमचा ताटलीत टाकला. "एवढंच बाहेर जातं. तीन आतच. आता तू वरून आणखी प्यायलीस तर?" मी तांब्या ओतला. वाटी ओसंडून पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

"कळलं गं माय," ती म्हणाली. "लुगडं कशाला भिजवलंस?"

पाचव्या दिवशी वजन दीड किलोनं वाढलं.

"आई, किती पाणी प्यायलीस?"

"बाटलीतलंच."

"काटा खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

मी माठ माझ्या खोलीत नेला आणि कुलूप लावलं. बेसिनचा नळ खालून बंद केला. आंघोळ मीच घालायला लागले. चूळ भरताना तिच्या गळ्याकडे बघत उभी राहायची. "थुंक. सगळं थुंक." एप्रिल होता. तिचे ओठ फुटले होते. बर्फाचा एक खडा द्यायचे, त्याचीही नोंद करायचे. जेवण मात्र सुधारलं होतं. दोन्ही वेळा चारू-भात, वर आणखी एक पळी चारू मागून घ्यायची. जेवणाच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं.

पुण्याच्या भावाला व्हिडिओवर सांगितलं, "चोरून पिते."

मागून आई म्हणाली, "तुझ्या गळ्याची शपथ रे, नाही प्याले."

"आई, बाथरूममध्ये कॅमेरा लावू का?" भाऊ हसला. मीही हसले.

त्या संध्याकाळी तिने अर्धी भरलेली बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. "हे बघ. एवढं उरलंय. आता तरी?"

सकाळी काटा आणखी पुढे गेला होता.

"म्हणजे दुसरीकडून पितेस," मी म्हणाले.

त्या दिवसापासून बाटली जवळजवळ भरलेलीच राहायची. चार दिवसांनी तिला आडवं होता येईना, श्वास पुरेना. दवाखान्यात भरती केलं. नर्सला मी तक्ता दाखवला. असा तक्ता तिथे फार जण आणत नसतील, असं मला वाटलं. तिने बोट फिरवत वाचला.

"खाने में क्या देते, मॅडम?"

"चारू-भात. दोनों टाइम. बस वोच खाती."

"चारू कितना?"

"चार पळी. कभी पाँच."

"दोनों टाइम?" दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "चारू तो पानीच है, मॅडम. ऊपर से नमक."

चारू म्हणजे रसमच: चिंच, टोमॅटो, मिरी, मीठ आणि बाकी पाणी. तीन पिढ्या आम्ही या गावात राहतो. चारू तेलुगू शेजाऱ्यांकडून घरात आला आणि भाताचा झाला. आमच्याकडे ताटात पडलं ते जेवण, पेल्यात पडलं ते पाणी. मी सहा रकाने आखले, तेही याच हिशेबानं. घशाला कोरड पडली की आई जास्तीची पळी मागायची. ती पळी वाढणारी मीच.

आई जागी होती. ऑक्सिजनच्या मास्कवरून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मग मास्क जरा उचलला.

"मी चोर नव्हते ना गं?"

मी तक्ता पुढ्यात घेतला. पाण्याच्या रकान्यात 'चारू' लिहिलं आणि त्याच्यापुढे 'बंद'.

"मास्क नीट लाव," मी म्हणाले. "उद्यापासून चारू बंद."

"मग भाताबरोबर काय?"

"कोरडी भाजी."

घरी आल्यावर वजन उतरलं. सूज उतरली. आईचं जेवण चार घासांवर आलं; मी 'बेताचं' लिहीत गेले. भावाचा व्हिडिओ आला तेव्हा मी त्याला आकडे वाचून दाखवले.

"वा! चोरी थांबली वाटतं?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "आता ऐकते."

आई शेजारच्याच पलंगावर होती. या खेपेला तिने शपथ घेतली नाही.