रस्त्यापलीकडचे जिभाऊ

जिभाऊंना कुणी एकट्याने काम करताना पाहवत नसे. शेजारीण सतरंजी झटकायला बाहेर आली की तिने हाक मारायच्या आधीच दुसरे टोक जिभाऊंच्या हातात असे. कुणी शिडी लावली की ते खाली धरून उभे. एकदा माझी सायकल पंक्चर झाली, तर दुकानापर्यंत मागचे कॅरिअर धरून चालत आले. मी म्हटले, "जिभाऊ, सायकल मला ढकलता येते." ते म्हणाले, "येते ना मास्तर. पन एकट्यानं ढकलली की दुकान दूर जातं."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी सिल्वासाच्या एका शाळेत गणित शिकवत होतो आणि तिथल्याच डोकमर्डी वस्तीत राहत होतो. जिभाऊ धुळ्याकडचे. खानदेशात वडीलधाऱ्याला जिभाऊ म्हणतात, तेच त्यांचे इथले नाव झाले. बायको गेल्यावर धाकट्या मुलाने त्यांना इकडे आणले. मुलगा आणि सून दोघेही जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात, त्यामुळे दिवसभर खोलीत जिभाऊ एकटेच. गुजराती शेजाऱ्यांशी बोलायला त्यांच्याकडे 'चालशे', म्हणजे 'चालेल', हा एकच शब्द होता. भाजी महाग असो, पाणी उशिरा येवो, त्या एका शब्दावर त्यांचे भागत असे.

त्या वर्षी एका विद्यापीठाची मंडळी आली. माणूस म्हातारपणी धडधाकट कसा राहील, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. एक डॉक्टर, आहारशास्त्राच्या एक बाई, व्यायाम शिकवणारे एक सर आणि समाजशास्त्राच्या एक बाई. प्रत्येकाचे शास्त्र वेगळे, आकडे मात्र सगळ्यांचे एकत्र. ते नोंदवायला इथला माणूस हवा होता. तो मी. पद्धत साधी होती. वस्तीतल्या रस्त्याच्या अलीकडच्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी समाजमंदिरात जमवायचे. हलका व्यायाम, नाचणीची पेज, गाणी, गप्पा. पलीकडच्यांना यातले काही द्यायचे नाही, फक्त अधूनमधून तपासायचे. वर्षाअखेरी दोन्ही बाजू ताडून पाहायच्या आणि फायदा दिसला तर पलीकडेही तेच सुरू करायचे. कोणत्या बाजूला काय, हे चिठ्ठी टाकून ठरले. जिभाऊंची खोली पलीकडे होती.

पहिल्याच सकाळी ते दाढी करून, धुतलेली टोपी घालून हजर झाले. मी त्यांना दारात थांबवले.

"जिभाऊ, तुम्ही नाही. तुम्ही पलीकडचे."

"पलीकडचा कसा? रस्ता वलांडला की अलीकडचाच ना मी."

समाजशास्त्राच्या बाई हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, एका माणसाने असे काय बिघडणार? पण आकडे तुमच्याकडे आहेत, तुम्हीच ठरवा." मी ठरवले. एकाला घेतले की दुसरा येणार, मग दोन बाजूंत फरक तो काय राहणार? जिभाऊंना मी हे सगळे नीट समजावून सांगितले. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले, "चालशे" म्हणाले आणि परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते समोरच्या ओट्यावर बसू लागले. तिथून खिडकीतून आतले दिसे. आत हात वर गेले की पलीकडे जिभाऊंचेही हात वर. आत माना फिरल्या की तिकडे मान फिरे. आत व्यायामाला येणाऱ्या कोकणातल्या एक आजी म्हणायच्या, "मास्तर, तो बघा तुमचा बाहेरचा विद्यार्थी. त्याची पण हजेरी घ्या हो." सगळे हसत. मी हसत नसे. पलीकडच्या माणसाने व्यायाम केला, तर त्याच्या नोंदीला काय अर्थ राहिला? मी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. मला तसे कुणी सांगितले नव्हते. आत उकडायचे, म्हातारी माणसे कुरकुरली, तरी मी त्या उघडू दिल्या नाहीत.

काही दिवसांनी ओटा रिकामा दिसू लागला. मला बरे वाटले. खोटे कशाला लिहू, बरे वाटले होते.

पंजाची ताकद मोजायचे एक यंत्र होते. पहिल्या तपासणीत जिभाऊंनी ते असे आवळले की डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मोडू नका, परत द्यायचे आहे." शेवटच्या तपासणीत काटा निम्म्यापर्यंतही गेला नाही. टोपी मळलेली होती. दाढीही वाढली होती.

"जिभाऊ, जोर लावा ना."

"लावला ना मास्तर." मग जरा जवळ सरकून त्यांनी विचारले, "कमी आलं?"

"हो. बरंच कमी."

"मंग बरं झालं. आमच्या बाजूचं कमीच यायला पाहिजे ना तुमाले? नाही तं तुमची वर्षभराची मेहनत फुकट जाई."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी आकडा लिहिला आणि पुढच्या माणसाला बोलावले.

दोन्ही बाजूंतला फरक स्पष्ट निघाला. नोंदी चोख ठेवल्या म्हणून माझे कौतुक झाले. ठरल्याप्रमाणे समाजमंदिर पलीकडच्यांनाही खुले झाले, तेव्हा मी स्वतः जिभाऊंना बोलवायला गेलो. सून कुलूप काढत होती. म्हणाली, "त्यांना मोठे भाऊजी गावी घेऊन गेले. इथं सकाळी उठून तयार होऊन बसायचे, मग तेही सोडलं. जेवायचे पण नाहीत धड." पावसाळ्यानंतर जिभाऊ वारल्याचे कळले.

तो आकडा खरा असेल, तर माझ्या देखत एक धडधाकट माणूस वर्षभरात खचला आणि मी दार लावून ते मोजत बसलो. आणि माझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मूठ मुद्दाम सैल सोडली असेल, तर तो आकडा खोटा आहे आणि तो मीच पुढे पाठवला. आकड्यांच्या बाबतीत मी कधी कुणाला सवलत दिली नाही, घरातही नाही. पण तो एक आकडा खोटाच असू दे, असे मला अजून वाटते.