पेशंटच्या खुर्चीवर

"तू बस पेशंटच्या खुर्चीवर. तुला ॲक्टिंग करावी लागणार नाही."

मॅडम असं म्हणाल्या आणि अख्खा वर्ग हसला. नर्सिंगचं दुसरं वर्ष. उदास रुग्णाशी कसं बोलायचं, याचा रोलप्ले होता. हॉस्टेलच्या वॉर्डनला माझ्या कपाटात डिप्रेशनच्या गोळ्या सापडल्या होत्या. तेव्हापासून साऱ्या कॉलेजात बोभाटा झाला होता.

मी बसले. का बसले? नर्स होणारीच आजारी पडली, हा आपलाच गुन्हा, असं मला खरंच वाटायचं. गावी आर्वीत आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माही पोरगी लोकायले बरं करते." इथे पोरीला सकाळी वेणी घालणंही जिवावर यायचं.

"सुट्टीत कापूस वेचायला जायचीस ना? तिथे बरं नाही आलं डिप्रेशन!" मॅडम म्हणाल्या. पुन्हा हशा.

रोलप्लेत माझी रूममेट पल्लवी नर्स झाली होती. झोप, भूक, रडू, एकेक विचारत गेली. शेवटचा प्रश्न तिच्या तोंडून निघेना. "विचार ना!" मॅडम ओरडल्या.

"मरावंसं वाटते काय?"

वाटत होतं. मी डोळे फिरवले आणि म्हणाले, "छे बाई, परीक्षा झाल्यावर बघू!" टाळ्या पडल्या. मॅडमही हसल्या. मला तेव्हा बरं वाटलं. आता माझी मलाच किळस येते.

कारण पल्लवीही त्याच गोळ्या घेत होती. तिला मानसोपचाराच्या ओपीडीत मीच नेलं होतं. रोलप्लेनंतर त्या दुपारी तिनं गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली. "मले नाई बसाचं त्या खुर्चीवर," एवढंच म्हणाली. मी पट्टी उचलली नाही, तिला थांबवलंही नाही. हळूहळू तिचं जेवण सुटलं, ड्यूटी सुटली. वडील येऊन तिला गावी, समुद्रपूरला घेऊन गेले.

नंतर मॅडमनी दुसऱ्या बॅचसमोर मला पुन्हा बोलावलं. "ये, तुझं मस्त जमतं."

"नाही मॅडम. ते नाटक नव्हतं. मी आजारी आहे. आणि शेवटचं उत्तर मी खोटं दिलं होतं."

कुणी हसलं नाही. "बाहेर हो," मॅडम म्हणाल्या. मी युनिफॉर्ममध्येच ओपीडीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. डॉक्टरांना खरं उत्तर दिलं.

पल्लवी फोन उचलत नाही. रविवारी मी समुद्रपूरच्या एसटीत बसणार आहे. तिनं तोंडावर दार लावलं, तर बाहेरूनच सांगेन की त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माफ कर, असं म्हणणार नाही. ओपीडीत चल म्हणेन, आणि ती उठेपर्यंत तिथून हलणार नाही.