रविवारची हजेरी

मामा गेल्याचं मला नात्यातल्या कोणी कळवलं नाही. फोन आला तो कारंज्याच्या सलीमभाईंचा. ते शिंपी, आणि मामांच्या होमगार्ड पथकातले सोबती. "बेटा, तुहे मामा आज परेडले आले नाई. तीनदा नाव पुकारलं. त्याहीचा कधी खाडा नाई, म्हून मी कामरगावले आलो पाह्यले..." मामा कामरगावच्या आपल्या घरी, खाटेवर, झोपेतच गेले होते.

मूलबाळ नव्हतं. मामी गेल्यावर वर्षभरानं, सेहेचाळिसाव्या वर्षी, मामा होमगार्डात भरती झाले. गावात चेष्टा व्हायची, "काय सुभेदार, सीमेवर कधी निघता?" मामा म्हणायचे, "घरात हुकूम देनारी गेली ना रे, मंग बाहेर शोधून राह्यलो." मला मात्र हसू आलं नाही. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली, पुढे पत्रकं लिहिणारी. खाकी कपडा माणसाला आधी गप्प राहायला शिकवतो, असं मी छापून वाटलं होतं, आणि तोच कपडा माझ्या मामांच्या दोरीवर वाळत होता.

बंद केलेल्या एसटी फेऱ्यांसाठी आम्ही कारंज्यात मोर्चा काढला, तेव्हा बंदोबस्तात मामा उभे होते. मी घोषणा देत त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत राहिले. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी भांडले. "आपल्याच लोकायसमोर काठी घेऊन उभे राह्यता, लाज नाई वाटत तुमाले?" मामा बुटांना पॉलिश करत होते. हात न थांबवता म्हणाले, "बाई, तुह्या मोर्च्यात तुले चहूकडून हाका मारून राह्यले होते. मले आठवड्यातून एकदा कोनी नावानं हाक मारते, थे तिथंच." "थे हजेरीतलं नाव हाय, मामा. मानसाचं नाई," मी म्हटलं आणि शेवटची जीप पकडली. त्यानंतर पाच महिने मी बोलले नाही. त्यांचे फोन यायचे. मी 'सभेत आहे' असं लिहून पाठवायचे. बहुतेक वेळा सभा नसायची...

अंत्यविधीनंतर सलीमभाई म्हणाले, "त्याहीनं मले सांगून ठेवलं होतं. सलीम, ज्या रविवारी मी ओ देनार नाई, त्या रविवारी ये."

खाकीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण आपण मेलो तर कोणाला तरी कळावं, यासाठी एक माणूस दर आठवड्याला रांगेत उभा राहतो, आणि त्याची भाची अन्यायावर पत्रकं लिहीत असते... हे कुठल्या पत्रकात लिहू?

तेरवी झाल्यावर घर आवरायला मी एकटीच थांबले. अंगणातल्या फरशीवर मामांनी पांढऱ्या रंगानं पावलांचे चार जोड काढले होते, चार दिशांना तोंड करून. कवायतीत वळताना चुकू नये म्हणून ते त्यावर सराव करायचे, असं शेजारीण म्हणाली. रस्त्याकडे तोंड केलेला जोड सगळ्यात जास्त झिजलेला. मी खराटा घेतला, आणि त्या पावलांच्या भोवतीनं अंगण झाडून काढलं.