सहा फुटांवरून एक चेहरा

त्या सुताराला सगळे सूतभर म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दार बसवताना, कपाटाचा खण सरकवताना तो मान तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, "सूतभर कमी आहे." बाकीच्यांना काही दिसायचं नाही. तो पुन्हा रंधा फिरवायचा, पुन्हा बसवायचा, आणि मग ते दार असं मिटायचं की वाऱ्यालासुद्धा विचारून आत यावं लागे. त्या नावाचा त्याला राग नव्हता. उलट थोडा तोराच होता.

घरात दोघंच. तो आणि त्याची बायको. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोचा धड एक फोटो नव्हता. कोणी कॅमेरा काढला की ही पाणी आणायला उठायची. लग्नाच्या फोटोत मान खाली, नंतरच्या एका फोटोत नुसतं कोपर. ओळखपत्रावर जो होता त्याला ती स्वतःच हसायची. "पकडून देणाऱ्याला बक्षीस, एवढंच खाली लिहायचं राहिलंय."

मग तिचं दुखणं आलं. डॉक्टरांनी सूतभरला बाहेर बोलावून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. तो खोलीत परत आला तेव्हा ती भिंतीकडे बघत होती.

"किती म्हणाले?"

"ते कुठं मोजून सांगतात?"

"मग तुम्ही विचारायचं होतं मोजून. एरवी सूत सोडत नाही."

त्या रात्री त्याला आई आठवली. म्हणजे आईचा आवाज आठवला. ती गेल्यावर चेहरा दोन वर्षांतच पुसट झाला होता. आता कितीही डोळे मिटून बसलं तरी नाकाच्या जागी नाक आणि कपाळाच्या जागी कपाळ, एवढंच दिसायचं, आई दिसायची नाही. बायकोचं असं होऊ द्यायचं नाही, हे त्याने ठरवलं. तिचा चेहरा, आहे तसा, शेवटच्या सुरकुतीपर्यंत त्याला हवा होता.

एका फोटोग्राफरच्या दुकानात त्याने कपाटं करून दिली होती. त्या माणसाने आपला जुना डिजिटल एसएलआर त्याच्या हातात ठेवला. त्याची लेन्स पडून फुटली होती, बॉडी मात्र धडधाकट. "लेन्स तेवढी तुझी तू बघ," तो म्हणाला.

लेन्सच्या दुकानात काउंटरवर एक तरुण बाई मऊ फडक्याने काच पुसत बसली होती.

"पहिलाच कॅमेरा का, काका?"

"पहिलाच."

"मग ही घ्या. अठरा ते पंचावन्नची झूम. फिरवली की लांबचं जवळ, जवळचं लांब. शिकणाऱ्याला हीच बरी. चुका पोटात घालते."

"चुका पोटात घालणारं हत्यार मी ठेवत नाही," सूतभर म्हणाला. "सरकता पाना सगळ्या नटांना लागतो आणि एकालाही धड बसत नाही."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने खोली आखलेली होती. "पलंगाच्या उशापासून समोरच्या भिंतीपर्यंत सात फूट. एक फूट मला आणि कॅमेऱ्याला सोडला. राहिले सहा. खिडकी डाव्या हाताला, उत्तरेची, उजेड बेताचा. दिवा लावायचा नाही, तिच्या डोळ्यांना लागतो. सहा फुटांवरून माणूस छातीपर्यंत आला पाहिजे."

बाईने फडकं खाली ठेवलं. "इतकं मोजून आजवर कोणी आलं नव्हतं." तिने आतून एक लहानशी, बुटकी लेन्स आणली. "ही पन्नासची. हिला झूम नाही. पुढे-मागे व्हायचं ते आपण. पण अंधाऱ्या खोलीत हिच्याइतकं कोणाला दिसत नाही."

सूतभरने टेप काढली. "तुम्ही तिकडे उभ्या राहा."

"मी कशाला?"

"भिंतीला चेहरा नसतो."

ती हसत उभी राहिली. त्याने सहा फूट मोजले आणि डोळा लावला. तिची एकेक पापणी वेगळी दिसत होती, आणि मागची खोक्यांची रांग लोण्यासारखी वितळली होती.

"एक ध्यानात ठेवा, काका," ती म्हणाली. "कमी उजेडात हिचं तोंड पूर्ण उघडावं लागतं. मग सहा फुटांवर चार बोटं जाडीचंच तेवढं स्पष्ट येतं. त्याच्या पुढचं, मागचं, सगळं विरघळतं. माणूस जरा पुढे झुकला की गेला. तुमच्या जागी मी असते तर झूम घेतली असती."

"ताई, चार बोटांत चोवीस सुतं बसतात. मला एक पुरतं."

तो पन्नासची घेऊन घरी आला.

मग तीन दिवस तो कॅमेऱ्याला सागवानी तिवई करत बसला. जमिनीवर तिवईच्या पायांच्या खुणा केल्या. पलंगाचा पाय हलत होता, त्याला पाचर मारली.

"फोटो काढताय की मला भिंतीत बसवताय?" पलंगावरून आवाज आला.

"थांब जरा."

"थांबते की. हल्ली तेवढंच जमतं."

चौथ्या दिवशी सकाळी खिडकीतून स्वच्छ, शांत उजेड आला. त्याने तिचे केस विंचरले. भांग असा पाडला की ओळंबा लावून बघावा. तिला उशीवर टेकवलं, तिवई खुणांवर ठेवली आणि तिच्या डाव्या डोळ्यावर फोकसचा नेम धरला. दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी दोघांचा."

"अगं, यात दोघं मावत नाहीत. मी मोजलंय."

"मावतात. सरकून बसलं की मावतात. एकतीस वर्षं अहो-अहो करून घसा बसला माझा, तुम्ही काय एकदा शेजारी बसायचं नाही? माझा एकटीचा नंतर काढा."

त्याने तिच्या डोळ्यावरचा नेम तसाच ठेवला आणि टायमर लावला. लाल दिवा लुकलुकू लागला. दहा आकडे. तो लगबगीने जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. शेवटचे दोन आकडे राहिले असताना तिने उशीवरून मान उचलली, एका हाताने त्याची बाही धरली, ओढत ओढत पुढे आली आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. महिनाभर तिला उठवायला दोन माणसं लागत होती. खट्ट झालं.

दोघांनी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर बघितलं. ती हसत होती.

"ही मी? अजून बरी दिसते की!"

"आता एकटीचा."

"आता दमले हो. उद्या."

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. तिथून दवाखाना. बारा दिवसांनी सूतभर एकटाच घरी आला. तिवई आपल्या खुणांवर उभी होती.

महिन्याने तो पुन्हा त्या लेन्सच्या दुकानात गेला. "मोठा करायचाय. दीड फूट बाय एक फूट. चौकट करून ठेवलीय." बाईने फोटो संगणकावर उघडला, मोठा केला आणि तिचा हात थांबला.

उशी दिसत होती. अभ्र्याचा धागान् धागा मोजता येत होता. डोकं टेकून पडलेला खळगा दिसत होता आणि त्याच्या कडेला चिकटलेला एक पिकला केस. आणि त्याच्या पुढे दोन चेहरे होते, वाफ धरलेल्या काचेपलीकडे असावेत तसे.

सूतभरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जरा स्पष्ट करता येईल?"

"नाही, काका."

"तिला थोडं मागं घेऊन? फार नाही."

"नाही हो."

सूतभर उशीकडे बघून म्हणाला, "ती उठली. तिला उठवतच नव्हतं ना, ताई. म्हणून ते मी हिशेबात धरलंच नव्हतं."

मग त्याने कॅमेरा काउंटरवर ठेवला. खिशातून टेप काढून मागच्या पडद्यावर धरली. लांबी अडीच इंच. उंची दीड इंच आणि एक सूत.

"एवढाच काढा."

"इतका लहान?"

"यात ती दिसत होती."

आता तो फोटो त्यांच्या खोलीच्या दाराशेजारी आहे. चौकट बोटाएवढी, पण चारही कोपरे असे जुळलेले की सांधा सापडत नाही. दोन पावलांवरून बघितलं तर बाई हसताना दिसते, नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून, अगदी स्वच्छ. आलेलं माणूस कौतुकाने चष्मा सावरतं आणि पुढे होतं. सूतभर रंधा ठेवून उठतो, त्याच्या दंडाला हळूच धरतो.

"तिथूनच बघा," तो म्हणतो. "जवळ नका जाऊ. मीही जात नाही."